दातांना कानस

दिवाळी तोंडावर आली की वाशिमच्या आमच्या घरी भाजणी किती खमंग भाजायची यावर वाद होतात. यंदा वाद दातांवर चालला आहे. पुतणीचे खालचे पुढचे दात लाल एस.टी.तल्या प्रवाशांसारखे एकमेकांच्या खांद्यावर बसलेले. अकोल्याच्या दंतवैद्यांनी तार लावायला सांगितले, त्याला कुणाची हरकत नव्हती. पण जागा करण्यासाठी चांगले दात उपटण्याऐवजी दातांच्या मधल्या बाजू किंचित किंचित घासू, असेही ते म्हणाले. ते ऐकून ऐंशी ओलांडलेल्या आमच्या काकू उसळल्याच.

"काहून रे बाप्पा? पोरीचे दात हायेत का लाकडाच्या फळ्या, कानस मारून बसवाले?"

वहिनींचा चेहरा उतरला. "भाऊजी, तुम्ही जरा वाचून बघा ना!" लिहिणाऱ्या माणसाला घरात अशीच कामे मिळतात.

वाचल्यावर एवढे कळले, की काकूंचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दाताचे बाहेरचे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने पाहिले तर त्यात शेकडा ९६ च्या आसपास खनिजच असते. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. एनॅमलचे तसे नाही. ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली तर कल्हईवाल्याला हाक मारता येते. या भांड्याला कल्हईवाला नाही.

एनॅमलवर एकदा उमटलेली खूण किती टिकते याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील मुलांचे सांगाडे मिळाले. त्यांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतील जॉन ल्युकाक्स यांनी केला. दात घडत असताना एनॅमलमध्ये राहून गेलेले खळगे तीन हजार वर्षांनंतरही ओळखता येतात! तेव्हा दाताला कानस लावणाऱ्याने दोनदा विचार केलेला बरा.

मग घासतातच का? मौज अशी, की दात आपसांत घासले जाणे ही काही दंतवैद्यांची युक्ती नव्हे. आपण चावतो तेव्हा प्रत्येक दात आपल्या खोबणीत सूतभर का होईना हलतो आणि शेजाऱ्याला घासतो. जात्यावरच्या पिठातून दगडाची कच पोटात जाई, त्या काळी ही झीज पुष्कळ होत असे. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडिलेडचे रेमंड बेग यांनी १९५४ साली तेथील आदिवासींच्या दातांवरून असे मांडले, की भरड अन्नाने दात मधूनही झिजत आणि आपोआप जागा होई. आपल्या मऊ अन्नाने ती होत नाही, म्हणून गर्दी. हे म्हणणे पुढे सर्वांनी जसेच्या तसे स्वीकारले नाही. तरी कल्पना रुजली. बॅलार्ड यांनी त्याआधीच, १९४४ मध्ये, पुढच्या दातांच्या बाजू घासण्याची शिफारस केली होती. दाढांकडच्या दातांसाठी फिरत्या बारीक यंत्राची पद्धत शेरिडन यांनी १९८५ साली आणली. आज कुणी हिऱ्याची पूड लावलेली पातळ पट्टी वापरतो, कुणी चकती.

काकूंना वाटते तशी ही सुतारकी मात्र नव्हे. खालच्या पुढच्या दातांच्या बाजूचे एनॅमल अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या घरात असते, दाढांकडे ते एक मिलिमीटरच्या वर जाते. त्यातले निम्म्याहून अधिक काढायचे नाही, असा संकेत आहे. पुढच्या दाताची एक बाजू साधारण पाव मिलिमीटरपर्यंत. दोन शेजाऱ्यांची मिळून अर्धा मिलिमीटर जागा. सहा दातांच्या मधल्या पाच फटींत एवढे काढले तर अडीच मिलिमीटर होते आणि तेवढ्यात पुतणीचे प्रवासी सुटे बसू शकतात.

खरी गोम किती घासले यापेक्षा कसे सोडले यात आहे. खरवडलेल्या पातेल्याला दूध लगेच लागते, हे गृहिणींना मी सांगायला नको. तसेच दाताचे. १९८८ मध्ये राडलान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घासलेले पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पट्टीने पडलेल्या चरांत जंतूंचा थर बसलेला आढळला. नेहमीच्या पॉलिशनेही ते चर पुरते गेले नव्हते. अशा चरात करंजीतले सारण जाऊन बसले, की जंतू त्यातल्या साखरेचे आम्ल करतात आणि आम्ल एनॅमल खाते.

हे वाचून मी वहिनींना "नको" म्हणणार होतो. पण पुढचे वाचले. ऑस्लोचे झाक्रिसन यांनी खालचे पुढचे दात घासलेल्या ६१ जणांना दहा वर्षांहून अधिक काळाने तपासले आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. घासलेल्या जागी नवी कीड नव्हती. त्यांनी घासताना हवेचा गारवा ठेवला होता आणि नंतर बारीक चकत्यांनी पृष्ठभाग गुळगुळीत केला होता. शिवाय लाळेतले कॅल्शियम आणि टूथपेस्टमधले फ्लोराइड उघड्या पडलेल्या एनॅमलला बळकटी देत असतात. गेलेली जाडी त्याने परत येत नाही, पण वरचा थर टणक होतो.

म्हणून माझे मत वहिनींना सांगितले, ते असे : दोन चांगल्या दाढा उपटण्यापेक्षा हे बरे, पण घाईच्या हाताने नको. आधी क्ष-किरण फोटोत एनॅमलची जाडी पाहून घ्यावी. पॉलिश कशाने करणार, हे विचारायला लाजू नये. ज्या मुलाला आधीच कीड आहे, ज्याचे एनॅमल मुळातच पातळ वा खळगेदार आहे, किंवा जो रात्री ब्रश न करताच अंथरुणात शिरतो, त्याच्या दातांना कानस लावू देऊ नये. पुतणीचे ब्रशचे रेकॉर्ड तिच्या आईनेच तपासावे. मी त्यात पडत नाही.

काकूंचे समाधान झाले नाही. "घासलेलं दिसते का मंग?" त्या म्हणाल्या. दिसत नाही, म्हणूनच केसपेपरवर कोणत्या दोन दातांच्या मध्ये मिलिमीटरचे किती दशांश काढले ते डॉक्टरांकडून लिहून घ्यायला वहिनींना सांगितले आहे. उद्या दुसऱ्या गावी दुसऱ्या दंतवैद्याकडे जावे लागले, तर तिथे आणखी किती शिल्लक आहे हे त्या कागदावरूनच कळेल.