अध्यक्ष राहावेत की जावेत, हे सदस्यांना विचारा

शरद पवारांच्या राष्ट्रवादीत १५ जुलै २०२५ रोजी शशिकांत शिंदे प्रदेशाध्यक्ष झाले आणि जयंत पाटील सात वर्षांनी पायउतार झाले. त्याआधी महिनाभर, १० जूनला, पक्षाचा वर्धापनदिन आपल्या पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात झाला. तिथे जयंतरावांनी व्यासपीठावरूनच आता नव्या चेहऱ्यांना संधी द्या म्हणून सांगितलं, तेव्हा समोरच्या कार्यकर्त्यांनी आरडाओरडा करून विरोध केला. त्यांचा जीव खरोखर तुटत असणार, यात मला शंका नाही. पण त्या सभागृहातल्या सामान्य कार्यकर्त्याला या प्रश्नावर मत नव्हतं, आवाज तेवढा होता.

एकाच पक्षाची ही गोष्ट नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत काँग्रेसने हर्षवर्धन सपकाळ यांना प्रदेशाध्यक्ष केलं, ते दिल्लीच्या नियुक्तीने. १ जुलैला भाजपचे रवींद्र चव्हाण प्रदेशाध्यक्ष झाले, ते बिनविरोध. सहा महिन्यांत तीन मोठ्या पक्षांचे प्रदेशाध्यक्ष बदलले आणि मतपेटी कुठेच उघडावी लागली नाही. ही तिन्ही माणसं पदाला योग्य असतील. माझी तक्रार माणसांबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे.

नेत्याने राहावं की जावं, ही चर्चा महाराष्ट्राने सगळ्यात जोरात केली ती मे २०२३ मध्ये. २ मे रोजी मुंबईच्या यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये ‘लोक माझे सांगाती’ या पवारांच्या आत्मचरित्राच्या सुधारित आवृत्तीचं प्रकाशन होतं. त्या कार्यक्रमात शरद पवारांनी अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि सभागृहात एकच कल्लोळ झाला. जयंत पाटलांना रडू आवरेना. कार्यकर्ते निर्णय मागे घ्या म्हणून अडून बसले. हे कधीतरी होणारच होतं, असं समजावत होते ते अजित पवार. तीन दिवस चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत दुसरा विषय नव्हता. ५ मे रोजी नेत्यांच्या समितीने राजीनामा एकमताने फेटाळला आणि त्याच संध्याकाळी पवारांनी तो मागे घेतला. ही समिती कोणाकोणाची असावी, हेही पवारांनीच राजीनाम्याच्या भाषणात सुचवलं होतं. पक्षाचं सदस्यत्व घेतलेल्या, पावती फाडलेल्या माणसाला त्या तीन दिवसांत कोणी काही विचारलं नाही. शिवसेनेत १९९२ साली बाळासाहेबांनी पक्ष सोडत असल्याचं ‘सामना’तून जाहीर केलं होतं, तेव्हाही हेच झालं. मातोश्रीबाहेर गर्दी लोटली आणि प्रश्न मिटला.

गर्दीचं प्रेम खोटं नसतं. पण ते मोजता येत नाही, कागदावर उतरत नाही आणि वेळ आली की पुरावा म्हणून उभं राहत नाही. ती वेळ राष्ट्रवादीवर दोनच महिन्यांत आली. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार सरकारमध्ये गेले. ५ जुलैला वांद्र्याच्या सभेत त्यांनी काकांना जाहीरपणे वय सांगून, तुम्ही थांबणार आहात की नाही, असं विचारलं. भांडण निवडणूक आयोगापुढे गेलं. अशा वेळी आयोग बघतो, पक्षाची घटना काय म्हणते, संघटनेत बहुमत कोणाकडे आहे आणि आमदार-खासदार कोणाकडे जास्त आहेत. १९६९ च्या काँग्रेसफुटीतून निघालेल्या सादिक अली खटल्यापासून हीच रीत आहे. राष्ट्रवादीच्या संघटनेत पदाधिकारी रीतसर निवडून आले आहेत, असं मानायला आयोगाला आधार सापडला नाही. म्हणून शेवटी लोकप्रतिनिधींची डोकी मोजली गेली आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पक्षाचं नाव आणि घड्याळ हे चिन्ह अजित पवारांकडे गेलं. त्याआधी वर्षभर शिवसेनेचा धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे गेला, तोही आमदार-खासदारांच्या मोजणीवर.

ही गोष्ट मला फार लागते. पंचवीस वर्षं सतरंज्या उचलणाऱ्याचा पक्ष कोणाचा, हे ५३ पैकी ४१ आमदार कुठे गेले यावर ठरलं. वरिष्ठांनी अंतर्गत निवडणुका खऱ्या घेतल्या असत्या, तर आयोगापुढे संघटनेची मोजणी मांडता आली असती. त्यात कोण जिंकलं असतं, हा वेगळा प्रश्न. निदान कार्यकर्ता मोजला गेला असता.

यावर नेते म्हणतात की पक्षात निवडणूक लावली की गट पडतात, पक्ष फुटतो. निवडणूक न लावताही फुटला की! उलट १९९७ आठवा. काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी सीताराम केसरींविरुद्ध खुद्द शरद पवार उभे राहिले होते. केसरींना ६,२२४ मतं पडली, पवारांना ८८२, राजेश पायलट यांना ३५४. पवार हरले, आणि त्या हरण्यामुळे काँग्रेस फुटली नाही. फुटली ती दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, वेगळ्या मुद्द्यावर. हरण्याचा धोका पत्करून पक्षातल्या मतदाराला सामोरा गेलेला हा नेता. त्यांनी स्वतःच्या पक्षात तशी निवडणूक रुजवायला हवी होती. ते करू शकले असते, कारण त्यांचं वजन तेवढं होतं. २०२४ च्या लोकसभेत चिन्ह गेलेलं असताना दहापैकी आठ जागा त्यांनी आणल्या, त्या नावाच्या बळावर. विधानसभेत मात्र त्याच नावाला दहाच जागा मिळाल्या. नाव किती पुरतं, हे यावरून कळतं.

ब्रिटनमध्ये ६ जून २०२२ रोजी बोरिस जॉन्सन यांच्यावर त्यांच्याच खासदारांनी विश्वासमत घेतलं. २११ बाजूने, १४८ विरुद्ध. जिंकूनही महिनाभरात त्यांना जावं लागलं, कारण नाराजी किती आहे हे आकड्यात सगळ्यांसमोर आलं होतं. तिथे मत खासदारांचं होतं, आपल्याकडे ते सदस्याचं असावं, असं माझं म्हणणं.

आणि सदस्याला मत देणं आपल्याला परकं नाही. ज्यांच्या नावाने आपण कर्वेनगर म्हणतो, त्या धोंडो केशव कर्व्यांनी इथल्याच हिंगण्याच्या माळावर आश्रम उभा केला. १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा वर्गणीदारांना मताचा हक्क दिला. कुलपती झाले रा. गो. भांडारकर आणि कुलगुरू र. पु. परांजपे. संस्थापक स्वतः दोन्ही खुर्च्यांपासून दूर राहिला, तरी विद्यापीठ त्याचंच म्हणून ओळखलं गेलं.

पुणे महापालिकेत मार्च २०२२ नंतर बराच काळ नगरसेवक नव्हते; सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवडणुकांची वाट मोकळी झाली. निवडणुका आल्या की सदस्यनोंदणीची पुस्तकं घेऊन मुलं आपल्या सोसायट्यांत फिरतात. शेजारचं वारजे तर बारामती लोकसभेत येतं, तिथे दोन्ही राष्ट्रवादींची मुलं एकाच जिन्यात भेटतील. कोणत्याही पक्षाची येवोत, त्यांना पाणी द्या, बसवा, आणि पावती घेण्याआधी विचारा: या पावतीवर मला तुमचा अध्यक्ष निवडायचं मत मिळतं का, आणि ते मतदान कोणत्या तारखेला आहे? तारीख सांगता आली नाही, तर त्यांच्या वरिष्ठांना विचारून यायला सांगा. पैसे त्यानंतर द्या.