हे स्वयंवर नव्हे, हा फार्स!

जुलै २०२५ मध्ये पैशांची देवघेव सांभाळणाऱ्या कंपन्यांनी बडगा उगारताच स्टीम या संगणकीय खेळांच्या विक्री-संकेतस्थळाने अनेक प्रौढ खेळ दुकानातून हुसकावून लावले आणि तशाच इच.आयओने तर असले सारे खेळ शोधयादीतून दडवून ठेवले. तेव्हा प्रौढांसाठी व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रे पाहत आणि पर्याय निवडत वाचायच्या कथा, रचणाऱ्या मंडळींनी एकच टाहो फोडला: सज्ञान माणसाने काय पाहावे, काय खेळावे हे त्याचे त्याला ठरवू द्या, निवड हा त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे! आम्ही त्यांच्या बाजूचे होतो आणि आजही आहोत. सावकारांनी लोकांच्या अभिरुचीची कोतवाली करावी, हे आम्हाला कदापि मान्य नाही. पण ज्यांनी हा हक्क जगाकडे मागितला, त्यांनी आपल्या खेळात तो कोणाला दिला?

उत्तर त्यांच्याच कारखान्यात आहे. २००४ पासून फुकट मिळणाऱ्या रेनपाय या साधनावर यांतले असंख्य खेळ उभे राहतात. त्यात पर्यायांची पाटी लावणे चार ओळींचे काम. आणि दोन्ही पर्याय पुढच्या एकाच लेबलवर, म्हणजे कथेतल्या एकाच ठिकाणी, नेऊन सोडणे आणखी दोन ओळींचे. नायिका रडत सांगते की नोकरी गेली. ‘धीर दे’ की ‘गप्प राहा’, असे आम्हाला गांभीर्याने विचारले जाते. आम्ही काहीही म्हटले तरी ती तेच वाक्य बोलते, तेच हसते आणि त्याच शय्येकडे वळते. फरक कुठे असलाच तर तो आतल्या गुप्त आकड्यात. त्यात एकाची भर पडली की नाही, हे आम्हाला पाचव्या भागात समजणार, तेही दार बंद झाल्यावर! म्हणून बिचारा खेळाडू शेजारी वॉकथ्रू, म्हणजे तयार उत्तरांची मार्गदर्शिका, उघडून बसतो आणि त्यात लिहिलेल्या उत्तरांवर बोट ठेवत प्रेम करतो. पडद्यावर अनुराग, पडद्यामागे बेरीज.

यावर ठरीव बचाव असा, की खऱ्या फाट्यांचा खर्च परवडत नाही. गणित आम्हालाही येते. कथेत दहा वेळा प्रत्येकी दोन वाटा फोडल्या आणि त्या कुठेच परत जुळवल्या नाहीत, तर १,०२४ कथा होतात. एवढी चित्रे आणि एवढे लेखन कोणा एकट्यादुकट्याच्या बापाला जमणार नाही. मग तीनच ठिकाणी विचारा, पण त्या तिन्हींचा परिणाम दाखवा! किंवा सरळ एकमार्गी कथा लिहा, आम्ही आनंदाने वाचू. पण एकच वाट बांधायची, तिच्यावर पन्नास पाट्या ठोकायच्या आणि जाहिरातीत ‘तुमचे निर्णय कथा घडवतात’ म्हणून गर्जायचे, याला काटकसर म्हणत नाहीत. याला लबाडी म्हणतात.

आणि या लबाडीला धनी आहे. पेट्रिऑन या संकेतस्थळावर चाहत्यांची वर्गणी महिन्याच्या महिन्याला येते. कथा संपली की ओघ आटला. मग कथेने संपायचे कशाला? एका वर्गणीदाराला डॉक्टरीण हवी, दुसऱ्याला शेजारीण, तिसऱ्याला दोघीही. कोणी रुसून गेला तर तेवढे डॉलर गेले. म्हणून नायकाने एकीला वचन दिले आणि त्याच रात्री दुसरीच्या दारी गेला, तरी पहिलीच्या कपाळावर आठी उमटत नाही. नवा भाग निघतो, नवी ललना दाखल होते, जुन्या सगळ्या आपापल्या खोलीत तिष्ठत राहतात. १९९४ च्या ‘तोकिमेकी मेमोरियल’मध्ये, ज्यात कामदृश्यांचा लवलेश नव्हता, दुर्लक्षिलेली मुलगी धुमसत असे आणि तिचा स्फोट झाला की बाकीच्यांची मनेही नायकावरून उतरत. तीन दशकांपूर्वीच्या त्या भाबड्या खेळाला मत्सर ठाऊक होता. आमच्या या ‘प्रौढ’ महाभागांना तो परवडत नाही!

स्वयंवरात माळ निदान वधूच्या हाती असे. इथे माळ ना नायिकेच्या हाती, ना खेळाडूच्या. ती हिशेबनिसाच्या गल्ल्यात आहे. जिला नाही म्हणता येत नाही, जिला स्वतःचे काम नाही, मैत्रीण नाही, नायक खोलीबाहेर गेल्यावर जी श्वासही घेत नाही, तिच्या होकाराला किंमत ती काय? नग्नतेवर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या नग्नतेआधीच्या शंभर पानांत पाट्या टाकण्यावर.

खरी निवड देणे साधत नाही असे कोणी म्हणू नये. ख्रिस्टीन लव्ह यांच्या २०१६ च्या ‘लेडीकिलर इन अ बाइंड’मध्ये संभाषण चालू असतानाच पर्याय उगवतात आणि मावळतात, गप्प राहणे हेही तिथे उत्तर ठरते. त्यातला एक प्रसंग संमतीच्या प्रश्नावर वाचकांना खटकला, तेव्हा लेखिकेने तो काढून टाकला. ऑब्स्क्युरासॉफ्टच्या २०१४ च्या ‘कमिंग आउट ऑन टॉप’मध्ये कॉलेजकुमार नायक आधी स्वतःच्या मित्रांना आपण समलिंगी असल्याचे सांगतो, मग प्रेमात पडतो, आणि पडला तरी शेवट गोडच होईल, याची हमी खेळ देत नाही. दोन्ही खेळ प्रौढांसाठीचे, दोन्ही छोट्या चमूंचे. मग खर्चाचे रडगाणे कोणासाठी?

खरे कारण एवढेच, की तुम्हाला मूल समजण्यात ते सावकार आणि हे निर्माते यांचे एकमत आहे. एकाने दुकान बंद करून तुमची निवड हिरावली. दुसऱ्याने दुकान उघडे ठेवून तिचीच नक्कल करून विकली. पहिल्याविरुद्ध तुम्ही निषेधाच्या सह्या केल्या. दुसऱ्याची वर्गणी या महिन्यात बंद करा.