भिंतीला दार पाडणारा मुत्सद्दी

परराष्ट्रीय राजकारण हा थोरामोठ्यांचा बुद्धिबळाचा डाव. घरसंसाराशीं त्याचा संबंध तो काय, असा समज पुष्कळांचा असतो. जर्मन मुत्सद्दी एगॉन बार (१९२२–२०१५) यांचें चरित्र पाहिलें म्हणजे हा समज किती अपुरा आहे तें ध्यानांत येतें.

ता. १३ ऑगस्ट १९६१ रोजीं पूर्व जर्मनीच्या सरकारनें बर्लिन शहरांतून कांटेरी तारा ओढल्या व मागाहून भिंत उभारली. आई एकीकडे, लेक दुसरीकडे. भाऊ भावाला पारखा झाला. बार हे मूळचे पत्रकार. त्या वेळीं ते पश्चिम बर्लिनचे महापौर विली ब्रांट यांचे वृत्तविभागप्रमुख व निकटचे सल्लागार होते. पूर्वेकडील सरकारशीं बोलणें म्हणजे त्यास मान्यता देणें, सबब बोलावयाचेंच नाहीं, असा पश्चिमेचा बाणा होता. त्या बाण्यानें भिंतीची एक वीटही हलली नाहीं. ता. १५ जुलै १९६३ रोजीं टुट्सिंग येथील भाषणांत बार यांनीं निराळें सूत्र मांडलें: जवळीक साधूनच पालट घडवावा.

या विचाराचें पहिलें फळ त्याच डिसेंबरांत दिसलें. पश्चिम बर्लिनकरांस पलीकडील आप्तांकडे जाण्याचे परवाने देण्याचा करार झाला. स्थळें, अधिकारी व कचेऱ्या यांच्या नांवांविषयीं एकमत होऊं शकलें नाहीं, असें त्या करारांतच नमूद आहे! नांवांचा तंटा बाजूस ठेवला, म्हणूनच काम झालें. नाताळच्या सुमारास अठरा दिवसांत सुमारें १२ लक्ष भेटी घडल्या. कडाक्याच्या थंडींत लोक परवान्यांसाठीं तासन्‌तास रांगेंत उभे राहिले आणि अठ्ठावीस महिन्यांनीं आपल्या माणसांच्या पंक्तीस बसले.

पुढें १९६९ सालीं ब्रांट पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले. बार यांनीं १९७० सालीं मॉस्कोस ग्रोमिको यांच्याशीं दीर्घ वाटाघाटी करून तहाची वाट मोकळी केली, आणि ता. २१ डिसेंबर १९७२ रोजीं दोन्ही जर्मनींमधील मूलभूत करारावर स्वतः सही केली. पूर्वी संबंधच नव्हते, आतां निदान वाईट तरी आहेत, असें ते विनोदानें म्हणत. परराष्ट्रमंत्र्याचें पद मात्र त्यांस कधींच लाभलें नाहीं.

त्यांच्यावर टीकाही झाली. राज्यकर्त्यांशीं बोलतां बोलतां त्यांच्या जाचाखालील प्रजेचा, विशेषतः पोलंडमधील कामगार चळवळीचा, त्यांस विसर पडला, हा आक्षेप आम्हांस अगदींच निराधार वाटत नाहीं. १९८९ सालीं भिंत पाडण्यास अखेर लोकच रस्त्यावर उतरले. तथापि त्या दिवसापर्यंत जीं वर्षें जावयाचीं होतीं, त्यांत कित्येक म्हाताऱ्यांस आपलीं नातवंडें पाहावयास मिळालीं, याचें श्रेय बार यांच्या धोरणास दिलेंच पाहिजे. अबोला धरणारास मानी म्हणवून घेतां येतें. पण त्या मानाची किंमत बहुधा घरांतील दुसरींच माणसें भरीत असतात, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नकोच.