भागीचें घोडें आणि कामाची वही

“भागीचें घोडें किवणानें मेलें” ही म्हण आपल्या घरोघरीं ऐकूं येते. घोडें चौघांचें, म्हणून त्याची निगा राखण्याचें काम कोणा एकाचें नव्हे, आणि अखेरीस घोडें जातें, असा तिचा आशय. हल्लीं विद्यार्थी चौघे-पांचजण मिळून संगणकाचा एखादा प्रकल्प करितात, तेव्हां ह्या म्हणीचा प्रत्यय वारंवार येतो. एकानें मध्यरात्रीपर्यंत जागून सर्व लिहावें, दुसऱ्यानें त्यावर आपली जुनी प्रत चढवून तें पुसून टाकावें, तिसऱ्यास आपलें काम कोणतें हेंच ठाऊक नसावें, आणि गुण मात्र सर्वांस सारखेच मिळावे, हें चित्र आमच्या मंद्रूपसारख्या गांवांत जसें दिसतें तसेंच मोठ्या शहरांतहि दिसतें. आमचें म्हणणें असें कीं, मुलांस संगणकाची भाषा शिकवितांना मिळून केलेल्या कामाची नोंद ठेवण्याची विद्याहि शिकविली पाहिजे. आणि ती नोंद दोषी शोधण्यासाठीं न वाचतां, प्रत्येकाच्या श्रमास न्याय मिळावा म्हणून वाचली पाहिजे.

काम करणारे वाढले कीं काम लवकर उरकतें, हा समज शेतांतील खुरपणीस बहुधा लागू पडतो. संगणकाच्या कामास तितकासा पडत नाहीं. त्याचें कारण अंकगणितांत आहे. दोघांमध्यें बोलण्याची वाट एक असते. चौघे झाले म्हणजे अशा वाटा ६ होतात, आणि दहाजण झाले म्हणजे ४५. प्रत्येक वाटेवर कांहींतरी सांगावयाचें राहून जातें. आय. बी. एम. कंपनींत एका मोठ्या संगणकप्रणालीचें काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रुक्स ह्यांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ ह्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसें घातलीं तर तें अधिकच रेंगाळतें. नव्यास सर्व समजावून देण्यांत जुन्यांचा वेळ जातो, हें त्याचें एक कारण. समजावून देण्याची गोष्ट अगोदरच लिहिलेली असेल, तर त्यांतला पुष्कळसा वेळ वांचतो.

ह्यासाठीं जीं साधनें निघालीं त्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिलें साधन म्हणजे बदलांची वही. लिनक्स ही संगणकप्रणाली जगभरचे हजारों लोक मिळून घडवितात. ती सुरू करणारे लिनस टोर्वाल्ड्स ह्यांनीं २००५ सालीं त्याच कामासाठीं ‘गिट’ तयार केलें. त्यांत प्रत्येक बदल कोणी केला व केव्हां केला हें नोंदलें जातें, आणि कां केला हें लिहावयास जागा असते. प्रत्येकास आपली स्वतंत्र शाखा काढून तींत काम करितां येतें व तें पुरें झाल्यावर मुख्य प्रवाहांत मिळवितां येतें. दोघांनीं एकच ओळ निरनिराळ्या प्रकारें बदलली असेल, तर दोन्ही शाखा मिळवितांना गिट तेथें थांबतें व निवाडा माणसांवर सोंपवितें. २००८ सालीं सुरू झालेलें ‘गिटहब’ हें अशा वह्या इंटरनेटवर ठेवण्याचें एक ठिकाण आहे.

दुसरें साधन म्हणजे कामांचा फलक. जपानांतील टोयोटा कारखान्यांत ताइइची ओनो ह्यांनीं सुट्या भागांबरोबर चिठ्ठी फिरविण्याची पद्धत बसविली. पुढच्या कामगारास भाग लागले कीं चिठ्ठी मागें जाई, आणि तेवढेच भाग तयार होत. तिला ‘कानबान’ म्हणतात. संगणकाचें काम करणाऱ्यांनीं ही कल्पना उचलली. ‘करावयाचें’, ‘चालू’ व ‘झालें’ असे तीन रकाने, आणि प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. ट्रेलो व जिरा ह्यांत असेच फलक मांडतां येतात.

हें सर्व परदेशचें, आपला त्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. त्यानें मराठी विकिपीडियाचें कोणतेंहि पान उघडून ‘इतिहास पहा’ ह्या शब्दांवर बोट ठेवावें. १ मे २००३ रोजीं सुरू झालेला हा ज्ञानकोश मराठी स्वयंसेवकांनीं लिहिला आहे. पडद्यावरील बटणांचीं मराठी नांवेंहि ‘ट्रान्सलेटविकी’ ह्या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनींच मिळून केलीं. पानाच्या इतिहासांत प्रत्येक फेरफार तारीखवार दिसतो, आणि कोणी खोडसाळपणानें मजकूर पुसला तर मागील प्रत परत आणतां येते. एकमेकांस कधीं न भेटलेलीं माणसें वर्षानुवर्षें एकत्र काम करूं शकतात, तीं ह्या नोंदीच्या बळावर.

मग आरंभ कोठून करावा? आमच्या मतें प्रथम संगणक बाजूस ठेवून भिंतीवर एक कागद लावावा व त्यावर तीन रकाने आंखावे. काम इतकें लहान तोडावें कीं तें दोन दिवसांत पुरें व्हावें. ‘शाळेचें संकेतस्थळ करणें’ ही चिठ्ठी नव्हे, ‘वेळापत्रकाचें पान करणें’ ही चिठ्ठी होय. प्रत्येक चिठ्ठीवर एकच नांव असावें. साहाय्य कितीहि जणांनीं करावें, पण जबाबदार एकच. एका विद्यार्थ्याकडे एका वेळीं दोहोंपेक्षां अधिक कामें ‘चालू’ नसावीं. करणाराखेरीज दुसऱ्या कोणीं तें काम चालवून पाहिल्याशिवाय चिठ्ठी शेवटच्या रकान्यांत जाऊं नये. रोज दहा मिनिटें सर्वांनीं फलकापुढें उभें राहून कोणाचें काय अडलें आहे तें सांगावें. ही संवय महिनाभर टिकली म्हणजे मग गिट व संगणकावरील फलक घ्यावा.

कामाची नोंद व्हॉट्सॲपच्या संभाषणांत ठेवूं नये. तेथें ती शुभेच्छांच्या ढिगाखालीं चार दिवसांत दडपली जाते. नोंदींत संकेतशब्द किंवा कोणाचा दूरध्वनी-क्रमांक लिहूं नये, कारण गिटमधील जुनी नोंद सहजासहजीं नष्ट होत नाहीं. तसेंच गिटहबच्या नियमाप्रमाणें १३ वर्षांखालील मुलास तेथें खातें उघडतां येत नाहीं, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

ह्या वहीमुळें मुलांवर पहारा बसेल, अशी कोणास भीति वाटेल. ती निराधार नाहीं. नोंदींची संख्या मोजून गुण दिले, तर मुलें एका बदलाचे दहा करितील. दहा निरुपयोगी ओळी काढून टाकणारानें शंभर ओळी लिहिणारापेक्षां अधिक काम केलेलें असूं शकतें. म्हणून शिक्षकानें संख्येकडे न पाहतां नोंद वाचावी. तशी वाचली म्हणजे ज्याचा आवाज वर्गांत कधीं उठत नाहीं अशा मुलाचें काम उघड होतें. मुलींच्या बाबतींत आम्हांस ही गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. प्रदर्शनाच्या दिवशीं पाहुण्यांपुढें बोलणारा एक असतो, आणि बिघाड शोधून दुरुस्त करणारी पुष्कळदां दुसरीच असते. वही नसेल तर श्रेय बोलणाराकडे जातें.

तारखेसह लिहून ठेवण्याचें मोल मंद्रूपच्या मुलांनीं दूर जाऊन शिकावयास नको. आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यांत, भीमा व सीना ह्यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथें, संगमेश्वराच्या देवळांत शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, मराठी शिलालेख आहे. त्यावर शक कोरलेला आहे म्हणूनच मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना विद्वानांस करितां आली.

शाळेंतून दरवर्षीं दहावीचा वर्ग बाहेर पडतो व त्याच्याबरोबर त्याचें अर्धवट राहिलेलें कामहि निघून जातें. नववीच्या मुलांस पुनः पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. वही असेल तर त्यांस पुढच्या पानापासून आरंभ करितां येईल. तेव्हां पालकांस आमची एवढीच विनंती आहे. मुलानें अथवा मुलीनें प्रकल्प पुरा झाला असें सांगितलें, म्हणजे गुण किती मिळाले हें विचारण्यापूर्वीं, त्यांत तुझें काम कोणतें व तें कोठें लिहून ठेविलें आहे, हें विचारावें.