काळा दगड, काळी माती

यांबूहून सुट्टीत निघालो, तर मदिनेच्या दक्षिणेला मैलोगणती काळे दगड. "बाबा, कोळसा!" आमचे चिरंजीव ओरडले. कोळसा कुठला! हा बसाल्ट, सह्याद्रीचाच जातभाई. इथल्या हर्रत रहातमधून 1256 साली लाव्हा थेट मदिनेच्या दिशेने वाहिला होता.

कोळसा आमच्या वणीकडे, वाळूखडकाखाली, 25 कोटी वर्षांहून जुना. उघड्या खाणीत आधी काळी माती काढतात, मग सुरुंग लावून खडक फोडत पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतात. पावसाळ्यात पंप रात्रंदिवस चालू. कोळशापेक्षा मातीदगडच जास्त निघतो, त्याचे डोंगर गावाशेजारी उभे राहतात. त्यातल्याच एकाखाली मामांचं कापसाचं वावर गेलं. मोबदला मिळाला, पण जुना सातबारा मामांनी अजून ट्रंकेत जपलाय. त्यांचा धाकटा त्याच खाणीत डंपर चालवतो.