गिटार परकी नव्हे, नक्कल परकी

महाविद्यालयाच्या प्रांगणात रॉक बँड वाजू लागला की आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठ्या उमटतात. हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, हा गोंगाट आहे, यातून मुले बिघडतील, असे तीन आरोप ठरलेले असतात. ते एकदा तपासून पाहिलेच पाहिजेत.

प्रथम अनुकरणाचा आरोप. ज्या हार्मोनियमवाचून आपली भक्तिगीते अडतात, ती तरी कोठली? तीही युरोपातूनच आली. भारतीय संगीतास ती मानवत नाही, असे ठरवून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. आज ती परकी आहे, असे कोण म्हणेल? पवित्र उपयोगास साजेशी अन्य वाद्ये उपासनेत स्वीकारण्याची मुभा तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच दिली.

आवाजाची तक्रार मात्र रास्त आहे. मर्यादा पाळलीच पाहिजे. पण तो न्याय वरातीतील डीजेलाही लावावा.

राहिला बिघडण्याचा प्रश्न. रेमो फर्नांडिस या गोव्याच्या कलावंताने १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत शिवोली येथील आपल्या घरी, सारी वाद्ये स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केली. पुढे १९८६ मध्ये ‘पॅक दॅट स्मॅक’मधून त्यांनी मादक पदार्थांविरुद्ध आवाज उठवला. हे बिघडवणे की सावरणे?

खरा दोष अन्यत्र आहे. सणाच्या दिवशी पैसे मोजून आपण ऑर्केस्ट्रा बोलावतो. तो चित्रपटगीतांची हुबेहूब नक्कल करतो आणि आपण टाळ्या वाजवतो. त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. उलट चार विद्यार्थी स्वतः शब्द लिहितात, स्वतः चाल बांधतात, नापसंतीची आरोळी ठोकण्यास सज्ज असलेल्या समवयस्कांपुढे उभे राहतात, आणि संशय येतो तो त्यांचा! अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या आपल्या गुणी वादक-संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीत घडवले, पण गाणे सदैव दुसऱ्याच्या नावाने ओळखले गेले. पुढच्या पिढीनेही तेच करावे काय?

गोंदियाजवळच्या बिरसीचा परिसर झाडीपट्टीत मोडतो. तेथे धान घरी आले की गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. लिहिणारे, गाणारे, वाजवणारे त्याच मुलखातले, आणि प्रेक्षक तिकीट काढून येतात. आपल्या माणसांनी आपल्यापुढे आपले गाणे मांडावे, ही रीत तेथे जुनी आहे. महाविद्यालयातील स्वतंत्र बँड दुसरे काय करतो? त्याच्या हाती पेटीऐवजी गिटार आहे, इतकेच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून एक संध्याकाळ आपले सभागृह तरुणांना द्यावे. अट एकच: गाणे स्वतःचे असावे, मराठीत किंवा आपापल्या बोलीत. धर्मगुरूंनी व पालकांनी पहिल्या रांगेत बसावे, शेवटपर्यंत ऐकावे, आणि खटकले ते गायकाला समोरासमोर सांगावे. देवाने दिलेला कंठ उसन्या गाण्यांत झिजवणे हाच त्या देणगीचा खरा अपमान आहे.