'एकीकडे' आणि 'दुसरीकडे'

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड हे औषध मौंजारो या नावाने भारताच्या बाजारात आले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये सेमाग्लुटाईड हे वेगोव्ही या नावाने. दोन्ही आठवड्यातून एकदा टोचून घ्यायची, दोन्ही वजन उतरवणारी. त्यांच्या पाठोपाठ मराठी लेखनात एक वाक्यही आले. विद्यार्थ्यांच्या निबंधांपासून परिसंवादातल्या भाषणांपर्यंत त्याचा साचा एकच: एकीकडे यवतमाळचा शेतकरी अन्नाला महाग, तर दुसरीकडे शहरातला सुखवस्तू माणूस भूक मारण्यासाठी सुया टोचून घेतो आहे! आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहून मराठी वाचणारी-शिकवणारी माणसे. आमचा आक्षेप या वाक्याला आहे. ते निर्दय आहे असे नव्हे. ते आळशी आहे, आणि शिवाय असत्य आहे.

या वाक्यात यवतमाळ जिल्हा म्हणून येत नाही, विशेषण म्हणून येतो. त्याला इतिहास आहे हे आम्हांस ठाऊक आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. त्या स्मरणार्थ २०१७ पासून दर १९ मार्चला किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून अनेक जण एक दिवसाचा अन्नत्याग करतात. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे साहित्य संमेलन भरले, नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले, आणि अखेर उद्घाटन केले ते शेतकऱ्याची विधवा असलेल्या वैशाली येडे यांनी. त्या बोलल्या मागे उरलेल्या बायांच्या जगण्याविषयी. साहित्यव्यवहाराने ध्यानात ठेवले ते त्यांचे वैधव्य. प्रतीक एकदा हाती लागले की माणसाचे बोलणे ऐकण्याची गरज उरत नाही, असा आमच्या क्षेत्राचा जुना रिवाज आहे.

तर मुद्दा असा. अन्नत्यागाच्या दिवशी उपास करू पाहणाऱ्या शेतकऱ्याला मधुमेह असेल, तर त्याला आधी डॉक्टरांना विचारावे लागते. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली उतरते. आता या माणसाला 'एकीकडे' ठेवायचे की 'दुसरीकडे'? आमच्या विरोधालंकारात त्याला जागाच नाही. आणि असे शेतकरी अपवाद नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. हे सगळे पेडर रोडवर राहत नाहीत.

भूक आणि चरबी या दोन निरनिराळ्या वर्गांच्या मालमत्ता आहेत, हा समज मुळात कोठून आला? बहुधा आमच्याच ढेरपोट्या सावकाराकडून आणि बरगड्या दिसणाऱ्या कुळाकडून. कथा-कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी ही जोडी इतकी घोटली, की पोटाचा घेर हाच वर्गविश्लेषणाचा पुरावा ठरला. विज्ञान मात्र फार वेगळे सांगते, आणि ते सांगणारी माणसे महाराष्ट्रातलीच आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण हा उणेपणा सर्वत्र सारखा नव्हता. स्नायू कमी, पोटातली इंद्रिये लहान, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला हडकुळे आणि आतून मेदाळ असे हे बाळ, आणि पुढे मधुमेहाकडे कलण्याचा त्याचा धोका अधिक. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःलाच उदाहरण म्हणून उभे केले. दोघांचा देहभारांक अगदी एकच, २२.३, परंतु शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. संहितेच्या पृष्ठभागावर थांबू नका असे वर्गात वर्षभर सांगणाऱ्या आम्हां मंडळींना शरीर वाचताना मात्र पृष्ठभाग पुरतो.

म्हणजे अर्धपोटी आईची भूक मुलाच्या देहात चरबी होऊन उतरू शकते. 'एकीकडे' आणि 'दुसरीकडे' ही दोन गावे नाहीत. तो एकाच घराण्याचा, कधी एकाच देहाचा इतिहास आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८.७ टक्के स्त्रिया कृश आढळल्या आणि २४ टक्के अतिवजनी वा स्थूल. यात गाव आणि शहर अशी सोयीची रेघ ओढून मोकळे होता येत नाही.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर शेतातून ज्वारी हटली आणि कापूस व सोयाबीन यांनी रान व्यापले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर पऱ्हाटीचा पेरा अधिकच रोख पैशाशी बांधला गेला. भाकर घरच्या धान्याची राहिली नाही. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून माणशी ५ किलो धान्य मिळते, आणि ते नसते तर काय झाले असते हे सांगण्याची गरज नाही. परंतु त्यातून पोट भरते ते मुख्यतः पिष्टाने. डाळ, दूध, भाजी यांसाठी रोकड लागते. भातावरचे वरण पातळ होत जाणे ही भूक नव्हे, पण पोषणही नव्हे. या मधल्या अवस्थेला आमच्या साहित्यात शब्द नाही.

शब्दांचा विषय निघालाच आहे. मराठीत अंग धरणे, बाळसे धरणे ही कौतुकाची क्रियापदे. 'खात्यापित्या घरची' ही सोयरिकीतली शिफारस, आणि आनंद झाला की अंगावर मूठभर मांस चढते. दोन पिढ्यांत हीच भाषा उलटली आणि 'सुटलेली', 'जिभेवर ताबा नाही' असे शेरे आले; ते स्त्रियांच्या वाट्याला अधिक आले हे वेगळे सांगायला नको. सुई टोचून घेणाऱ्याला आज 'आयता मार्ग' म्हणून हिणवले जाते, ते याच शेऱ्यांचे पुढचे पाऊल. संयम करा, उपास करा, तेच खरे पुण्य! आतड्यातून जेवणानंतर स्रवणारे जीएलपी-१ हे संप्रेरक मेंदूला तृप्ती कळवते आणि काही मिनिटांत विरघळून जाते. सेमाग्लुटाईड त्याचीच नक्कल, फक्त आठवडाभर टिकणारी. ज्याच्या शरीरात तृप्तीचा निरोप क्षीण पोचतो, त्याने तो औषधाने पोचवला तर नीतीचा कोणता नियम मोडला? चष्मा लावणाऱ्याला कोणी दृष्टीचा संयम शिकवत नाही.

याचा अर्थ आम्ही औषध कंपन्यांची तळी उचलतो आहोत असा कोणी घेऊ नये. २०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाईडने ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरले, हे खरे. आणि ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले, हेही खरे. मळमळ, उलट्या, चरबीबरोबर स्नायूही झिजणे हे जमाखर्चात धरावेच लागते. ज्यांचे स्नायू जन्मतःच उणे, त्यांनी तर अधिक. सगळ्यात मोठा प्रश्न पैशाचा. टिर्झेपॅटाइडची ५ मिलिग्रॅमची एक कुपी भारतात आली तेव्हा ४,३७५ रुपयांना होती. चार आठवड्यांचे १७,५०० रुपये झाले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. दोन क्विंटलांहून अधिक पांढरे सोने दर महिन्याला, तेही हमीभाव पदरात पडला तर, आणि बहुधा कायमचे. हा हिशेब आम्ही अलंकार म्हणून मांडत नाही. किंमत म्हणून मांडतो. सेमाग्लुटाईडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ ची, आणि पेटंट सुटले की औषधे स्वस्त होतात. तेव्हा प्रश्न पुण्या-मुंबईपुरता राहणार नाही; पुसद, वणी, आर्णीच्या औषधदुकानांच्या फळीवर येईल. चिठ्ठी कोण लिहील, तपासणी कोण करील, हे विचारण्याची वेळ ती आहे.

वजनासाठी ही औषधे द्यायची तर देहभारांक ३० हवा, किंवा सोबत एखादी व्याधी असल्यास २७. कापूस वेचून वाकलेली, २३ देहभारांकाची, रक्तात साखर वाढलेली बाई या मोजपट्टीत लठ्ठ ठरत नाही, आणि आमच्या लेखनात ती भुकेलीही ठरत नाही. मधुमेही म्हणून यांतली काही औषधे तिला देता येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिच्या हातावर पडते ती मेटफॉर्मिनची गोळी, तीही त्या दिवशी साठा असेल तर.